अनवधानाने

त्या दिवशी तिचा पाय वायरीत अडकला नसता, तर अध्यक्ष अजून बोलत असते.

निमित्त होतं वाचनालयाच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाचं. खोली एवढीशी आणि भाषण तिच्यात मावणार नाही एवढं लांब. "मला फार बोलायचं नाही" इथून निघालेले अध्यक्ष "आता शेवटचा मुद्दा" या स्टेशनावर तिसऱ्यांदा येऊन पोचले होते. मागच्या रांगेतली माणसं एकमेकांच्या चपला निरखत होती. तेवढ्यात बातमी लिहायला आलेली मुलगी फोटोसाठी बरी जागा शोधत भिंतीकडेने निघाली, काळ्या वायरीत तिचं पाऊल अडकलं, कुठेतरी फट् झालं, आणि अध्यक्षांचे ओठ हलत राहिले पण ऐकू काहीच येईना. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. अध्यक्ष गोंधळले, हसले आणि खाली बसले.

ती मात्र पडली नाही. कोपराला कुणीतरी वेळेवर धरलं होतं.

"लागलं?"

"नाही... सॉरी हं, तुमची वायर— लवकर जोडा ना, ते बोलताहेत!"

माइकवाल्याने एकदा व्यासपीठाकडे पाहिलं, एकदा टाळ्या वाजवणाऱ्या खोलीकडे, मग तिच्याकडे. "जोडतो की," तो म्हणाला. "सावकाश जोडतो."

शनिवारच्या अंकात तिने लिहिलं : 'तांत्रिक कारणामुळे अध्यक्षांनी आपले भाषण आटोपते घेतले.'

आता ही मुलगी कोण ते सांगायला हवं. शहर संपत आल्यावर हे उपनगर लागतं. चार गल्ल्या, एक बाग, एक पाण्याची टाकी आणि चार पानांचं एक साप्ताहिक. साप्ताहिक तिच्या बाबांचं. बाबा संपादक, ते अग्रलेख लिहितात आणि तो फक्त तेच वाचतात. बातम्या आणण्याचं खातं आत्याकडे. आत्या कुठे जात नाही, ती बाल्कनीत बसते आणि बातम्या आपणहून वर चढून येतात. उरलेलं सगळं, म्हणजे लिहिणं, मुद्रितं तपासणं, पानं लावणं, हरवलेल्या मांजराच्या मालकिणीची समजूत काढणं, हे या मुलीकडे. शाळेत असल्यापासून ती पाट्यांवरच्या चुका दुकानदारांना आत जाऊन सांगत आली, म्हणून सगळे तिला वेलांटी म्हणतात. तिच्या हाताखालून गेलेल्या अंकात चूक सापडत नाही. हे तिला ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्याचं तिच्या नाकाच्या शेंड्यावर दिसतंसुद्धा.

"तांत्रिक कारण आहे का घरात?"

शनिवारी दुपारी दारातून आवाज आला. जेवणाचं टेबल हेच साप्ताहिकाचं कार्यालय, आणि तिथे ती एकटीच बसली होती. दारात माइकवाला, हातात ताजा अंक.

"तुमचा उजवा पाय," तो म्हणाला. "तसं छापायचं होतंत. आता सगळे म्हणतात, याचा माइक ऐन वेळी बंद पडतो."

"पायांची नावं आम्ही छापत नाही."

"मग भरपाई द्या."

"काय हवं?"

"जाहिरात. फुकट नको हं, पैसे देतो. फक्त शुद्ध करून हवी." त्याने खिशातून चिठ्ठी काढली. 'कार्यक्रमासाठी लाऊडस्पिकर व दिवे भाडयाने मीळतील.'

वेलांटीने लाल पेन उचललं. "एका ओळीत चार चुका!"

"पुढच्या वेळी पाच करतो."

"का?"

"चारमध्ये पाच मिनिटं बसायला मिळालं," तो म्हणाला, आणि ती उत्तर शोधेपर्यंत जिना उतरूनही गेला. त्या दिवशी तिने मांजराच्या जाहिरातीत 'करड्या रंगाचे' हे तीनदा तपासलं.

मग ते चालूच झालं. उपनगरात कार्यक्रमांना तोटा नव्हता. कुंड्यांचं प्रदर्शन, ज्येष्ठांची चालण्याची स्पर्धा, रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल तक्रारसभा. जिथे चार खुर्च्या मांडल्या जातात तिथे माइक लागतो, आणि जिथे माइक लागतो तिथे बातमी असते. त्याच्या टेबलाशेजारी एक जास्तीची खुर्ची दिसू लागली. "इथून स्पष्ट ऐकू येतं," असं ती विचारणाऱ्याला सांगायची, आणि विचारलं नाही तरी सांगायची. तक्रारसभेच्या दिवशी भुरभुर पाऊस आला. त्याने यंत्रावर प्लॅस्टिक धरलं, एक टोक तिच्या हातात दिलं, आणि दिव्यांच्या तक्रारी संपेपर्यंत दोघं त्या प्लॅस्टिकखाली वाकून बसले होते. त्याच्या शर्टाला ओल्या दोराचा वास होता. तिच्या वहीत त्या सभेचं एक अक्षरही सापडलं नाही. बातमी आत्याला विचारून लिहावी लागली.

सगळं छान चाललं होतं... आणि मग साखर आली.

तिचं खरं नाव काही वेगळंच होतं. पण तिचा आवाज ऐकल्यावर बागेतल्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "चहात हिचा शब्द टाकावा," आणि तेव्हापासून ती साखर झाली. बालवाडीत शिकवायला नवीन आलेली; वागायला गोड, हसायला गोड, आणि माइकसमोर उभी राहिली की अध्यक्षसुद्धा थोडक्यात बोलायचे. पंधरवड्यात उपनगरातले सगळे कार्यक्रम तिच्याकडे सूत्रसंचालनाला गेले.

वेलांटीला आधी वाटलं, बरं झालं. मग कुंड्यांच्या बक्षीस समारंभाला ती नेहमीप्रमाणे त्या जास्तीच्या खुर्चीकडे गेली, आणि खुर्चीवर एक निळी पर्स बसलेली होती.

"त्यांची आहे," माइकवाला म्हणाला. "ठेवायला जागा नव्हती. उचलू का?"

"छे, छे. राहू दे. मला तिकडून जास्त स्पष्ट ऐकू येतं."

'तिकडून' म्हणजे कुंड्यांच्या मागून. तिथे ऐकू काही येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. तो साखरेसाठी माइकची उंची कमी करत होता. मग थोडी वाढवत होता. आता हा माइक काय आयुष्यात पहिल्यांदा उभा करतोय? कागद वाऱ्याने उडायला लागले तेव्हा त्याने धावत जाऊन चिमटा आणून दिला. तिने काहीतरी म्हटलं, तो मान मागे टाकून हसला. वेलांटीच्या पोटात काहीतरी पिळलं गेलं. तिने स्वतःला बजावलं की आपण दुपारी नीट जेवलो नाही. घरी जाऊन ती पोटभर जेवली. तरी ते गेलं नाही.

आणि साखर वाईट असती तर किती सोपं झालं असतं! ती भेटली की म्हणायची, "तुमची बातमी वाचते हं मी दर शनिवारी. किती नेटकं लिहिता!" आता अशा बाईचा राग कसा करायचा? वेलांटीने तरीही केला. मनापासून आणि नेटका केला.

तो राग गेला कुठे, तर व्याकरणात. त्या आठवड्याच्या बातमीत तिने लिहिलं : 'प्रारंभी प्रास्ताविक करण्यात आले. सूत्रसंचालन झाले.' पुढच्या आठवड्यात : 'सूत्रसंचालन पार पडले.' त्याच्या पुढच्या आठवड्यात नुसतंच : 'कार्यक्रमाचे संचालन उत्तम होते.' बाबा मुद्रित वाचताना चष्म्यावरून बघू लागले.

"सूत्रसंचालन झालं म्हणजे? आपोआप झालं?"

"जागा नव्हती बाबा."

"मांजराला सहा ओळी आहेत."

"मांजर हरवलंय!"

"पोरी, त्या बालवाडीच्या बाईंनी दर रविवारी घसा कोरडा करायचा आणि आपण त्यांचं नावसुद्धा छापायचं नाही? उद्या लोक विचारतील. या अंकात पूर्ण नाव घाल. नावाआधी 'कु.' लावायला विसरू नकोस."

बाबांनी सांगितल्यावर इलाज नव्हता. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पानं छापखान्यात जायची होती. ती संगणकासमोर बसली. टेबल खिडकीपाशी, आणि खिडकीतून बागेचं फाटक दिसतं. फाटकाशी माइकवाल्याचा टेंपो येऊन उभा राहिला. पुढच्या सीटवरून साखर उतरली. पुढच्या सीटवरून! त्या सीटवर वायरींची वेटोळी असतात. वेलांटीने एकदा विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "अहो, तिथे माणूस बसत नाही." आज वेटोळी मागे गेली होती आणि माणूस बसला होता. साखर उतरताना त्याने हात पुढे केला. तिने धरला. मग सोडला... पण लगेच नाही सोडला.

करा एकदाचं लग्न आणि व्हा मोकळे, वेलांटी मनाशी म्हणाली. बोटं चालूच होती. वाक्य पूर्ण झालं, नाव पूर्ण झालं, पान लागलं. तिने ते तपासलंसुद्धा. तपासताना डोळे कुठे होते ते सांगायला नको.

शनिवारी सकाळी आत्या बाल्कनीतून ओरडली, ते अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं.

"अगंबाई! केलं पण लग्न?"

"कुणी?"

"त्या साखरेनं! आणि आपल्याच पेपरात छापून आलं, नि मला पत्ता नाही? मला?"

वेलांटीने अंक ओढून घेतला. पान दोन, वरची बातमी. साखरेचं पूर्ण नाव, एकही चूक नसलेलं. आणि त्याआधी, सुबक, ठसठशीत : 'सौ.'

'कु.' नव्हे. 'सौ.'

तिच्या पायाखालची जमीन सरकली. खुर्ची होती म्हणून ती खाली बसली, एवढंच.

"छपाईची चूक आहे आत्या!"

"तुझ्या अंकात? चूक?" आत्या हसली. "मला वेडी समजतेस होय. काहीतरी ठाऊक असल्याशिवाय तू लिहिणार आहेस? सांग, नवरा कोण?" आणि उत्तराची वाट न बघता तिने ते स्वतःच शोधून काढलं. "थांब... टेंपोत पुढे बसते नाही का ती हल्ली?"

वेलांटीची इतक्या वर्षांची कमाई त्या दिवशी तिच्यावरच उलटली. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, चुकलं असेल. पण वेलांटीने लिहिलंय ना? मग झालंच असणार. दुपारपर्यंत साखरेचं लग्न झालेलं होतं. संध्याकाळपर्यंत ते माइकवाल्याशी झालेलं होतं. बालवाडीतल्या मुलांच्या आया फुलं घेऊन साखरेच्या दाराशी उभ्या होत्या, आणि कुणी कुणाला विचारायला जात नव्हतं, कारण छापून आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बागेत मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होती. वेलांटी गेली, जावंच लागलं. कोपऱ्यात माइकवाला वायर गुंडाळत होता. औषधाच्या दुकानातले काका त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "छुपा रुस्तम निघालास की!"

आता तो नाही म्हणेल, तिला वाटलं. आता म्हणेल.

तो हसला. मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

म्हणजे खरंच होतं तर! आपल्या बोटांनी आपल्या आधी ओळखलं. घरी येताना ती गल्लीतल्या प्रत्येक दगडाला लाथ मारत आली आणि तिसऱ्या दगडानंतर लंगडत आली.

बाबा चिडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "चूकदुरुस्ती घालावी लागेल," ते म्हणाले. "तूच लिही. आणि आधी त्यांच्या घरी जाऊन माफी माग."

ती सोमवारी गेली. साखरेची खोली लहान, टापटीप. कपाटावर मुलांनी काढलेली चित्रं. फुलं इतकी आली होती की बादलीत ठेवावी लागली होती. वेलांटीने माफी मागितली, व्याकरणशुद्ध आणि एका दमात.

साखरेने बादलीतली फुलं जरा सारखी केली. मग म्हणाली, "एक विचारू? ती चूकदुरुस्ती... एक आठवडा थांबवता येईल?"

"का?"

"शनिवारी वाचनालयाचा कार्यक्रम आहे ना. त्यानंतर मी त्यांना विचारणार आहे." तिचे कान लाल झाले. "माझी हिंमतच होत नव्हती हो. पण सगळे अभिनंदन करताहेत आणि ते नाही म्हणत नाहीत... म्हणजे काहीतरी असेलच ना त्यांच्या मनात? तुमची चूक माझ्या पथ्यावर पडली बघा."

वेलांटीला त्या बादलीतलं सगळं पाणी कुणाच्या तरी डोक्यावर ओतावंसं वाटलं. साखरेच्या की स्वतःच्या, ते तिचं तिला ठरवता येईना.

"बघते," ती म्हणाली.

बुधवारी भर दुपारी माइकवाला आला. हातात जाहिरात नव्हती. तो बसलाही नाही.

"ते 'सौ.' तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तुमच्या हातून चूक होत नाही."

"झाली."

"माझ्या जाहिरातीत एका अक्षरासाठी तुम्ही मला दोनदा जिना चढवलात. आणि आख्खं लग्न चुकून लागलं?" त्याचा नेहमीचा खट्याळ आवाज कुठेतरी राहिला होता. "मी आपला समजलो, हा निरोप आहे. की बाबा रे, इथे खुर्च्या अडवून बसू नकोस, ती बघ तिकडे चांगली मुलगी आहे. लोक अभिनंदन करत होते, मी काय बोलणार? तुम्ही मला परस्पर देऊन टाकलंत, तेही छापून."

"नाही हो! तसं नव्हतं—"

"मग कसं होतं?"

आता सांगायचं. शब्द ओठांपर्यंत आले. आत आत्याच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती पडद्याआड उभी होती. वेलांटीचं नाक वर गेलं, सवयीने. "अनवधानाने झालं," ती म्हणाली.

त्याने तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. "अनवधानाने. म्हणजे लक्षच नव्हतं. माझ्याकडे."

"तसा अर्थ नाही होत त्याचा—"

"शब्दांमधलं तुम्हालाच जास्त कळतं," तो म्हणाला आणि गेला. या वेळी जिन्यावर त्याची पावलं सावकाश वाजली, आणि तरी तिने हाक मारली नाही.

आत्या पडद्याआडून बाहेर आली. "गाढव आहेस," ती म्हणाली. तेवढंच.

गुरुवारी वेलांटी चूकदुरुस्ती लिहायला बसली. 'गेल्या अंकात बालवाडीच्या शिक्षिकांच्या नावाआधी अनवधानाने...' तिथे ती थांबली. असा मजकूर तिने कितीदा लिहिला असेल. हात आपोआप लिहितो. पण हा शब्द खोटा होता. तिचं लक्ष नव्हतं असं कसं म्हणायचं? तेवढं लक्ष तिने आजवर कशाकडेच दिलं नव्हतं. फक्त ते पानावर नव्हतं, खिडकीबाहेर होतं, टेंपोच्या पुढच्या सीटवर होतं, एका हातात अडकलेल्या दुसऱ्या हातावर होतं.

चूकदुरुस्ती थांबवली तर साखर विचारणार, आणि दुखावलेला माणूस हो म्हणून टाकणार. नेहमीसारखी छापली तर त्याला वाटणार, खरंच अनवधान. दोन्हीकडून तो जाणार होता. आणि तो गेलेला तिला चालणार नव्हता. हे तिने स्वतःला स्पष्ट शब्दांत पहिल्यांदाच सांगितलं, आणि सांगितल्यावर तिला रडूच आलं. नाक पुसून तिने तो शब्द खोडला आणि दुसरा लिहिला.

मग मुद्रित बाबांसमोर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांना तीन ओळी वाचायला अग्रलेखापेक्षा जास्त वेळ लागला.

"हे असंच जाऊ दे?"

"जाऊ दे."

"सगळं उपनगर वाचेल."

"हो."

बाबांनी पेन उचललं. "शेवटी पूर्णविराम राहिलाय," ते म्हणाले. तो त्यांनी दिला आणि पान पुढे सरकवलं.

शनिवारी अंक घरोघर पोचला. पान दोन, तळाशी, चौकटीत :

'चूकदुरुस्ती : गेल्या अंकात बालवाडीच्या शिक्षिकांच्या नावाआधी "सौ." असे छापले गेले. त्या अविवाहित आहेत व त्यांचा कुणाशीही विवाह ठरलेला नाही. ही चूक अनवधानाने नव्हे, तर बातमी लिहिणारीच्या मत्सरामुळे झाली आहे. क्षमस्व.'

संध्याकाळी वाचनालयासमोर मांडव होता. वेलांटी फाटकातून आत शिरली आणि आधी खुर्च्या कुजबुजल्या, मग शांत झाल्या, मग मोठ्याने हवापाण्याबद्दल बोलू लागल्या. औषधवाले काका तिच्याकडे बघून खोकले. तिचे कान जळत होते, पण वही छातीशी धरून ती सरळ चालत गेली. नेमकी भुरभुर सुरू झाली.

साखर पायऱ्यांशी उभी होती. आवाज गोड नव्हता.

"तुम्ही थांबणार होतात."

"बघते म्हटलं होतं. पण थांबायला हवं होतं हे खरं. मला जमलं नाही."

"मी आज विचारणार होते."

"विचारा ना," वेलांटी म्हणाली, आणि तिला ते म्हणताना खरोखर दुखलं. "तुमचा हक्क आहे."

साखरेने माइकच्या टेबलाकडे पाहिलं. "काय विचारू आता? सकाळपासून अंक खिशात घेऊन फिरताहेत. मघाशी माझ्यासमोर माइक लावला तो उलटा." तिने डोळ्यांच्या कडा पटकन टिपल्या, आणि मग तिला हसू आलं, थोडं ओलं, पण खरं. "तुम्ही सरळ भांडला असतात ना माझ्याशी, तर मला बरं वाटलं असतं. सूत्रसंचालन पार पडले म्हणे! मला वाटायचं, मी इतकी वाईट बोलते का?"

"तुम्ही फार छान बोलता. तोच तर त्रास आहे."

साखर पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली. कार्यक्रम सुरू झाला. तिचा आवाज जराही कापला नाही, आणि त्या क्षणी वेलांटीला ती पहिल्यांदा मनापासून आवडली. मत्सर गेला नाही, पण आवडली.

माइकवाला प्लॅस्टिकच्या छताखाली उभा होता. समोर अंक, पान दोन वर येईल असा दुमडलेला.

"बातमी अपुरी आहे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मत्सर कुणाचा, कशासाठी... काहीच नाही."

"जागा नव्हती."

"आता आहे."

ती प्लॅस्टिकखाली आली. पावसाचे थेंब डोक्यावरच्या छतावर टपटपत होते. तयार केलेली सगळी वाक्यं ती विसरून गेली.

"तुम्ही तिच्यासाठी माइक खाली घेता तेव्हा माझ्या पोटात दुखतं," ती म्हणाली. "तिला पुढच्या सीटवर बसवता तेव्हा मला तो टेंपो जाळावासा वाटतो. ती चांगली आहे हे मला कळतं, त्याने अजूनच राग येतो. मला तुम्ही हवे आहात. दुसऱ्या कुणाला द्यायला मी वेडी आहे का? झालं. बातमी संपली."

तो यंत्रावरचा एक खटका उगाच वरखाली करत राहिला. "तिचा पाय मुरगळला होता त्या दिवशी," तो म्हणाला. "म्हणून सीट. आणि माझ्या पोटाचं कुणी विचारलंय? तुम्ही अध्यक्षांना 'तडफदार' लिहिता. ग्रंथपालांना 'मनमिळाऊ'. कुंड्यांवाल्या काकांना तर 'हसतमुख'! आणि माझ्याबद्दल? 'ध्वनिव्यवस्था चोख होती.' माणूस नाही मी, व्यवस्था! दर शनिवारी बघायचो, या वेळी तरी मला एखादं विशेषण मिळतंय का."

"ग्रंथपाल साठीला आलेत!"

"असू दे. मनमिळाऊ तर आहेत ना."

तिला हसू आवरेना. "कुठलं हवंय?"

"विशेषण राहू द्या. उशीर झालाय. एखादं सर्वनाम चालेल."

"कुठलं?"

त्याने आता तिच्याकडे बघितलं. "'माझा'."

"'माझा' हे सर्वनाम नाही," ती बोलून गेली आणि मग थांबली, "सार्वनामिक विशेषण आहे."

"बघा! म्हणजे विशेषणही मिळालं." त्याचा खट्याळ आवाज परत आला होता. "म्हणा ना एकदा. छापायच्या आधी ऐकू तरी दे."

'तुम्ही' गळून पडलेलं दोघांच्याही लक्षात आलं. कुणीच ते उचललं नाही.

वेलांटीने इकडेतिकडे पाहिलं. मग खाली बघून, अगदी हळू म्हणाली, "माझा."

"आवाज येत नाही," माइकवाला म्हणाला.

तिने मान वर केली आणि पुन्हा म्हटलं. या वेळी मागच्या दोन रांगांनी वळून बघितलं.